कचऱ्यातून वीज: पाटीवरचे मेगावॅट आणि पिशवीतलं पाणी

जैववायूच्या इतिहासात मुंबईचं नाव फार लवकर येतं. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्याच्या टाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय केली गेली आणि त्या वायूवर इंजिन चालवलं गेलं. त्याच वर्षी लंडनच्या शोरडिच भागात शहराचा कचरा जाळून त्या उष्णतेवर वीज करणारं केंद्र सुरू झालं. म्हणजे कचरा कुजवून ऊर्जा काढायची किंवा जाळून काढायची, या दोन्ही वाटा सव्वाशे वर्षांपूर्वीच मळायला लागल्या होत्या. तरीही आपल्याकडे एखादी महापालिका ‘कचऱ्यापासून वीज’ जाहीर करते तेव्हा तो शोध काल रात्रीच लागल्यासारखी करते. नारळ फुटतो, पाटीवर मेगावॅटचा आकडा झळकतो, आणि पुढे त्या आकड्याचं काय झालं हे विचारायला कुणी जात नाही. काही प्रकल्प खरोखर चालले, बरेच बंद पडले, काही अर्धवट धापा टाकत आहेत. कोणते का चालले आणि कोणते का अडले, हे एकदा सलग पाहायला हवं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात रोज सुमारे २२,६०० टन घनकचरा निघतो, आणि त्यावरचा उतारा म्हणून वीजप्रकल्पाचं नाव सर्वसाधारण सभांमध्ये वारंवार निघतं.

सुरुवातीलाच एक हिशेब करून टाकू, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. मुंबईत रोज साधारण साडेसहा हजार टन कचरा जमा होतो. तो सगळाच्या सगळा, टनामागे ४०० युनिट असं उदार हाताने धरून, विजेत बदलला तर दिवसाला २६ लाख युनिट होतात. अखंड चालणाऱ्या १०८ मेगावॅटच्या केंद्राइतकी ही वीज झाली. मुंबईची उन्हाळ्यातली कमाल मागणी चार हजार मेगावॅटच्या पुढे जाते. म्हणजे शहराने आपला कण न् कण भट्टीत घातला तरी गरजेच्या तीन टक्केही वीज मिळत नाही. घरापुरतं बोलायचं तर चार माणसांचं घर दिवसाला दोनेक किलो कचरा काढतं. त्याची वीज एक पंखा दहा तास फिरवेल, एवढीच.

तेव्हा या प्रकल्पांना वीजकेंद्रं म्हणू नये. ती कचरा निस्तरणारी यंत्रं आहेत आणि वीज हे त्यांचं जोडउत्पन्न आहे. आपली पंचाईत अशी की आपण त्यांच्याकडे नेहमी उलट बाजूने पाहिलं. वीज विकून कचऱ्याचा खर्च सुटेल, इतकंच नव्हे तर महापालिकेला वर दोन पैसे मिळतील, या आशेवर निविदा काढल्या. त्या आशेने जेवढे प्रकल्प बुडवले तेवढे तंत्रज्ञानाने बुडवले नसतील.

आता कचराभूमीच्या वायूकडे वळू. हा वायू कुणी ठरवून तयार करत नाही, तो होतोच. कचरा एकावर एक टाकत गेलं की वरच्या थरांच्या वजनाने खालच्या थरांतली हवा निघून जाते. उरलासुरला प्राणवायू जिवाणू थोड्याच दिवसांत संपवतात. मग बिनहवेत जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य सुरू होतं. त्यांतले काही उष्ट्या अन्नाचं, पानांचं, कागदाचं आम्लात रूपांतर करतात आणि दुसऱ्या जातीचे त्या आम्लापासून मिथेन बनवतात. बाहेर येणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन, निम्मा कार्बन डायऑक्साइड. त्याखेरीज थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो, जो नुसता घाण वास मारत नाही तर इंजिनाचे धातूचे भाग खातो. आणि शाम्पू-क्रीमच्या वाटेने आलेली सिलॉक्सेन ही सिलिकॉनची संयुगं असतात, जी जळल्यावर सिलिंडरमध्ये वाळूसारखी बसतात. म्हणून हा वायू धुऊन, सुकवून, गाळून इंजिनाला द्यावा लागतो. एक मेगावॅटचं इंजिन चालवायला ताशी पाचशे ते साडेपाचशे घनमीटर वायू लागतो, तोही रात्रंदिवस.

तो काढायची पद्धत अवघड नाही. ढिगात ठिकठिकाणी उभ्या विहिरी घ्यायच्या, त्यांत भोकं पाडलेले पाइप सोडायचे, सगळे पाइप एकमेकांना जोडून पंख्याने हलका उपसा ठेवायचा. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या पालोस व्हर्डेस इथे हे पहिल्यांदा व्यापारी पातळीवर झालं. लॉस एंजेलिसजवळच्या प्वेंटे हिल्स कचराभूमीने पुढे या वायूवर पन्नास मेगावॅटच्या आसपास वीज काढली. २०१३ मध्ये तिथे कचरा टाकणं थांबलं, तरी वायू येतच राहिला. पण तिथल्या यशामागे दोन गोष्टी होत्या. कचऱ्याखाली गळती थांबवणारा थर होता आणि वर रोज मातीचं पांघरूण पडत होतं. शिवाय त्या कचऱ्यात कागद, लाकूड, पुठ्ठा भरपूर. ते सावकाश कुजतं आणि वीस-तीस वर्षं वायू देत राहतं.

आपला कचरा या बाबतीत उतावळा आहे. त्यात निम्म्याहून अधिक वाटा अन्नाचा, भाजीपाल्याचा आणि निर्माल्याचा. उष्ण, दमट हवेत हे सगळं काही वर्षांतच कुजून जातं. आपण तोवर काय करत असतो? निविदा मागवत असतो, आक्षेप निकालात काढत असतो, सल्लागार नेमत असतो. पाइप पुरायची वेळ येईपर्यंत वायूचा मोठा भाग उडून गेलेला असतो. उघड्या ढिगातून उपसा जरा जोरात केला की भेगांतून हवा आत खेचली जाते. मिथेन पातळ होतो आणि ढिगाच्या पोटात आग धरते. पावसाळ्यात विहिरींमध्ये वायूऐवजी काळं पाणी भरतं. अमेरिकेच्या कोरड्या भागात या कामावर घडलेला अभियंता कोकणपट्टीच्या पावसात कचऱ्याचा डोंगर बघून बावचळला तर त्यात त्याचा दोष नाही.

गोराईची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. मुंबईच्या वायव्य टोकाला, खाडीच्या काठावर, सुमारे वीस हेक्टरवर १९७२ पासून कचरा पडत होता. उच्च न्यायालयाने तो बंद करायला सांगितल्यावर २००७ अखेरीस कचरा टाकणं थांबलं आणि २००९ पर्यंत ढिगाला उतार देऊन, वर प्लॅस्टिकचा व मातीचा थर घालून, गवत लावून तो शास्त्रीय पद्धतीने झाकला गेला. आत वायूचे पाइप टाकले, आणि गोळा झालेला वायू मुख्यतः ज्वाळेत जाळून टाकण्याची सोय केली. नुसता जाळून काय फायदा, असं कुणी म्हणेल. फायदा होता. शंभर वर्षांचा काळ धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट तापदायक आहे, वीस वर्षांचा धरला तर ऐंशीपटीच्या आसपास. तो जाळला की तेवढं तापमानवाढीचं ओझं वाचतं. क्योटो कराराच्या व्यवस्थेत त्या वाचलेल्या ओझ्याला कार्बन क्रेडिट म्हणून बाजारभाव होता. गोराईची क्रेडिट्स आशियाई विकास बँकेला विकायचं ठरलं आणि त्यापोटी महापालिकेला आगाऊ रक्कमही मिळाली. कचऱ्याच्या डोंगराने महापालिकेला पैसे दिले, ही त्या काळची मोठी नवलाई होती.

पुढे २०१२ च्या सुमारास जागतिक बाजारात या क्रेडिट्सचा भाव कोसळला. २००८ मध्ये वीस युरोच्या आगेमागे असलेली किंमत एका युरोच्याही खाली आली. या उत्पन्नावर बेतलेले देशभरातले वायूचे आराखडे एकाएकी निराधार झाले. गोराईचा खरा लाभ वीज नव्हता आणि पैसाही नव्हता. तिथली दुर्गंधी गेली, खाडीत जाणारं काळं पाणी अडलं, आजूबाजूच्यांना खिडक्या उघडता येऊ लागल्या. मला विचाराल तर तेवढ्यासाठीच तो खर्च योग्य होता. विजेचं आमिष न दाखवताही तो मंजूर व्हायला हवा होता.

कांजूरमार्गला त्यापुढचं पाऊल टाकलं गेलं. मुंबईचा बहुतेक कचरा आता तिथेच जातो. तिथली पद्धत बायोरिॲक्टर कचराभूमीची आहे: कचरा बंदिस्त खणांत भरायचा, त्यातून झिरपलेलं पाणी पुन्हा त्याच्यावर सोडून कुजणं मुद्दाम वेगाने घडवायचं आणि निघालेला वायू लगेच ओढून घ्यायचा. आपल्या उतावळ्या कचऱ्याला ही पद्धत तत्त्वतः मानवणारी. पण तिथल्या वायूपासून होणाऱ्या विजेची क्षमता जेमतेम एक मेगावॅटच्या घरातली आहे. याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवून बघा. २०२२ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात नेदरलँड्सच्या अवकाश संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला. उपग्रहावरून मोजमाप करून त्यांनी ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई इथल्या कचराभूमींचा मिथेन अजमावला. मुंबईतल्या एका कचराभूमीतून ताशी सुमारे ९.८ टन मिथेन निघत असल्याचा त्यांचा अंदाज होता. एवढा मिथेन इंजिनांत घालता आला असता तर कागदावर पन्नास मेगावॅटच्या आसपास वीज होते. उपग्रहाचं मोजमाप अंदाजी असतं हे मान्य, आणि उघड्या ढिगातला निम्मा वायू धरता आला तरी पुष्कळ झालं. तरीही हवेत जाणाऱ्या आणि पाइपात येणाऱ्या वायूतली ही तफावत मोजमापाच्या चुकीने समजावता येण्यासारखी नाही.

कांजूरची जागाही वादात आहे. मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथली सुमारे १२० हेक्टर जमीन संरक्षित वन असल्याचा निकाल दिला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ज्या जमिनीचं भवितव्य न्यायालयात टांगलेलं आहे तिथे वीस वर्षांच्या वायूउपशात पैसे कोण घालणार?

मुळात कचराभूमीचा वायू हा आपल्यापुरता भूतकाळाचा विषय मानला पाहिजे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कुजणारा कचरा कचराभूमीत नेऊ नये असं म्हटलं होतं. युरोपने १९९९ च्या निर्देशानंतर हेच केलं. ओला कचरा गेलाच नाही तर वायूही होणार नाही. जुने ढीग आता बायोमायनिंगने उपसले जात आहेत. म्हणजे ढीग उकरायचा, हवेशीर करायचा, चाळायचा, माती, प्लॅस्टिक, दगड वेगळे करायचे. एकदा ढीग उकरला की मिथेनचं प्रकरण संपलं. देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हा धुराचा पट्टा नासाच्या उपग्रहचित्रांत दिसला आणि आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. २०२५ मध्ये तिथला १८५ लाख टन जुना कचरा हटवण्याचं सुमारे २,३६८ कोटी रुपयांचं कंत्राट दिलं गेलं. भागाकार करून पाहा: टनामागे जवळपास १,३०० रुपये. तो कचरा पडला त्या दिवशी त्याच्या विल्हेवाटीवर महापालिकेने जे वाचवलं, ते नातवंडांच्या नावावर उधार होतं.

जाळण्याच्या वाटेवर आपला पहिला मोठा अनुभव दिल्लीचा. १९८७ मध्ये तिमारपूरला डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर रोज ३०० टन कचरा जाळून ३.७५ मेगावॅट वीज देणारा प्रकल्प उभा राहिला आणि चाचण्यांच्या काळातच थंडावला. यंत्र खराब नव्हतं. ते किलोमागे १,४६२ किलोकॅलरी उष्णता असलेल्या कचऱ्यासाठी बांधलं होतं आणि दिल्लीच्या कचऱ्यात त्याच्या निम्म्याच्या आसपासच उष्णता निघाली. उरलेलं काय होतं? पाणी, राख, माती. एक किलो पाण्याची वाफ करायला सहाशेच्या आसपास किलोकॅलरी जातात. अर्ध्या पाण्याचा कचरा म्हणजे प्रत्येक किलोतल्या तीनशे किलोकॅलरी नुसतं पाणी उकळण्यात खलास. पावसाळ्यात ओली लाकडं चुलीत घालून फुंकणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागलं नसतं. वर आपल्या झाडूकामातली माती आणि बांधकामाचा राडारोडाही त्याच गाडीत पडतो. तो जळत नाही, फक्त तापतो आणि राख होऊन बाहेर येतो.

युरोपात हीच यंत्रं सुखाने चालतात, कारण तिथला कचरा कोरडा आणि वेष्टनांनी भरलेला असतो. शिवाय तिथल्या भट्ट्या वीज तर विकतातच, वर गरम पाणी नळाने घरोघर देतात. कचऱ्यातल्या उष्णतेतून वीज काढताना पाव हिस्साही मुश्किलीने हाती लागतो. उरलेली उष्णता स्वीडनमध्ये दिवाणखाना गरम करते. ठाण्यात किंवा नागपुरात मे महिन्यात ती कुणाच्या दारी नेणार? कोपनहेगनच्या भट्टीच्या छपरावर घसरगुंडीची टेकडी केली आहे, तिचे फोटो आपल्या अभ्यासदौऱ्यांच्या अहवालांत हमखास असतात. त्या टेकडीखालच्या कचऱ्यात पाणी किती, हे त्या अहवालांत नसतं.

तिमारपूरनंतर पंचवीस वर्षांनी, २०१२ मध्ये, दिल्लीतच ओखल्याला १६ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. मग गाझीपूर, नरेला-बवाना आणि २०२२ मध्ये तेहखंड. कचऱ्यात प्लॅस्टिक वाढलं, आधी चाळून-सुकवून इंधन करण्याची पद्धत आली, त्यामुळे भट्ट्या पेटत्या राहू लागल्या. पण ओखल्याशेजारच्या सुखदेव विहारच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं धूर आणि राखेच्या तक्रारी केल्या, हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. २०१७ मध्ये न्यायाधिकरणाने प्रकल्प बंद करायला नकार दिला, पण २५ लाखांचा भुर्दंड प्रकल्पावर बसवला. इथली भीती काल्पनिक नाही. क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक अर्धवट तापमानाला जळलं की डायऑक्सिन तयार होतात. ती होऊ नयेत म्हणून भट्टीत वायू किमान ८५० अंशांवर दोन सेकंद राहिला पाहिजे. ओला कचरा आत गेला की तापमान पडतं, म्हणजे वीज कमी आणि विष जास्त, दोन्ही एकदमच. भारतीय नियमांत डायऑक्सिनची मर्यादा युरोपाइतकीच कडक आहे: घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम. पण ती चोवीस तास मोजता येत नाही. अधूनमधून नमुने घ्यावे लागतात, आणि नमुना कोणत्या दिवशी घेतला यावर बरंच अवलंबून असतं.

महाराष्ट्रात या वाटेवरचा सध्याचा ठळक प्रकल्प पिंपरी-चिंचवडच्या मोशीचा. १ ऑगस्ट २०२३ ला त्याचं उद्घाटन झालं. रोज ७०० टन सुका कचरा आणि १४ मेगावॅट. तिथे दोन गोष्टी शहाणपणाने केल्या आहेत. भट्टीत सुका कचराच जावा अशी आखणी आहे, आणि वीज सुमारे पाच रुपये दराने महापालिका स्वतःच घेऊन आपल्या पाणी आणि सांडपाण्याच्या केंद्रांना वापरते. गिऱ्हाईक घरातलंच असल्याने दराची घासाघीस आणि थकबाकीचं रडगाणं टळतं. पुण्यात हडपसरच्या रामटेकडीला त्याआधी वायूकरणाचा, म्हणजे कचरा अपुऱ्या हवेत तापवून त्याचा जळाऊ वायू करण्याचा प्रयोग झाला. रोज ७०० टन आणि दहा मेगावॅटचं ते स्वप्न होतं. प्रत्यक्षात तो त्याच्या जवळपासही पोचला नाही. वायूकरणाला भट्टीपेक्षाही कोरडा आणि एकजिनसी माल लागतो, आणि आपल्या घंटागाडीत एकजिनसी असं काहीच नसतं. मुंबईने देवनारला आधी ३,००० टनांचा प्रकल्प काढायचा घाट घातला, बोलीदार येईनात, आणि अखेर २०२० मध्ये ६०० टनांवर तडजोड झाली.

कुजवण्याच्या वाटेवर गोष्टी अधिक रंगतदार आहेत आणि आपल्या मातीतल्याही आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हा संच विकसित केला. आधी हवेत, गरम पाण्याच्या मदतीने ओल्या कचऱ्याचं पचन, मग बिनहवेच्या टाकीत मिथेन. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने शेणाऐवजी उष्ट्या-पिष्टमय अन्नावर चालणारा घरगुती छोटा संच काढला, त्याला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. कर्व्यांचा मुद्दा साधा होता. शेण हे गाईने एकदा पचवलेलं असतं, त्यात ऊर्जा थोडी उरते. शिळ्या भातात ती सगळी शाबूत असते.

मोठ्या प्रमाणावर मात या वाटेनेही मार खाल्ला. लखनऊला २००३ च्या सुमारास पाच मेगावॅटचा जैववायू प्रकल्प झाला. त्याला वेगळा केलेला ओला कचरा मिळायचा होता, मिळाला मातीमिश्रित. थोड्याच काळात तो बंद पडला. अल्मित्रा पटेल यांच्या शहरी घनकचऱ्याबाबतच्या १९९६ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालूच होती. न्यायालयाने २००५ मध्ये अशा प्रकल्पांची सरकारी अनुदानं रोखली आणि २००७ मध्ये पाच प्रायोगिक प्रकल्पांपुरती वाट मोकळी केली. पुण्याने रोज पाच टनांचे पंचवीसेक छोटे प्रकल्प प्रभागांत बसवले. कल्पना उत्तम: कचरा दूर न्यायचा नाही, तिथल्या तिथे पचवून रस्त्यावरचे दिवे लावायचे. त्यातले बरेच बंद किंवा अर्ध्या क्षमतेवर राहिले. कारणं ऐकली की हसावं की रडावं कळत नाही: काट्या-चमच्यांनी क्रशर अडला, पंप दुरुस्तीची फाइल अडली, हॉटेलचा कचरा दुसऱ्याच गाडीत गेला. जिवाणू हे रोज ठराविक वेळी, ठराविक जेवण मागणारे कामगार आहेत; कंत्राटाचं नूतनीकरण रखडलं म्हणून ते उपाशी थांबत नाहीत, मरतात.

सोलापूरने या सगळ्यात वेगळी हिंमत दाखवली. रोज ४०० टन कचरा घेऊन ३ मेगावॅट वीज देऊ शकणारा, कमी पाण्यात पचन करणारा प्रकल्प तिथे गेल्या दशकात उभा राहिला आणि त्याने महावितरणला वीज दिली. नाशिकने जर्मन सहकार्याने हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र पचवून पाहिला; अन्नाच्या आम्लपणाला मैला सावरतो, हे शास्त्रीयदृष्ट्या नेटकं आहे. गोव्यात साळगावचा प्रकल्प २०१६ मध्ये शंभर टनांवर सुरू झाला आणि पुढे अडीचशे टनांपर्यंत वाढला. कळंगूट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलांचा भरपूर, बऱ्यापैकी वेगळा ओला कचरा आणि त्यामागे उभं राहिलेलं सरकारी महामंडळ, हे त्याचं बळ.

पण या वाटेवर सध्या सर्वांत पुढे आहे ते आपलं शेजारचं इंदूर. तिथला ५५० टनांचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. तो वीज करतच नाही. वायू शुद्ध करून दिवसाला सुमारे १७,००० किलो सीएनजी देण्याची त्याची क्षमता आहे, आणि त्यावर शहराच्या बसही धावतात. टनाला सुमारे ३१ किलो वायू पडला. सरकारच्या ‘सतत’ या जैववायू खरेदीच्या योजनेतला सुरुवातीचा दर किलोला ४६ रुपये होता. त्याने टनामागे १,४०० रुपयांवर उत्पन्न होतं. तोच वायू इंजिनात जाळून वीज केली तर १६५ युनिट होतील आणि केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०१५ च्या सात रुपयांच्या दरानेही साडेअकराशे रुपयांच्या आसपासच मिळतील. इंजिन मिथेनमधली साठ टक्क्यांहून जास्त ऊर्जा उष्णता म्हणून फेकून देतं, हे त्याचं कारण. महापालिकेला खर्च सोडाच, वर्षाला अडीच कोटी रुपये मिळतात. त्यामागे यंत्राची जादू शोधू नये. इंदुरात घराच्या दारातच कचरा सहा प्रकारांत वेगळा होतो आणि मिसळलेला कचरा गाडीवाला उचलत नाही.

पैशाचा हिशेब आता उघड करावा लागेल. २०१५ मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने थेट कचऱ्यापासूनच्या विजेला युनिटमागे ७.०४ रुपये आणि कचऱ्याच्या प्रक्रिया केलेल्या इंधनापासूनच्या विजेला ७.९० रुपये दर ठरवला. २०१६ च्या वीजदर धोरणाने राज्यातल्या वितरण कंपन्यांवर ही सगळी वीज घेण्याची सक्ती केली. त्यानंतरच्या काही वर्षांत सौर विजेचे निविदा दर अडीच रुपयांच्या आसपास आले. वरचे साडेचार-पाच रुपये वीजग्राहक भरतो, आणि त्याला सांगितलं जातं की ही हरित वीज आहे. वास्तविक तो कचरा साफ करण्याचा खर्च आहे, तो महापालिकेच्या अंदाजपत्रकात दिसला पाहिजे. विजेच्या बिलात दडवलेला खर्च कुणी तपासत नाही आणि कमीही होत नाही.

कंत्राटांतली दुसरी मेख म्हणजे कचरा पुरवण्याची हमी. भट्टीला रोज ठरलेले टन लागतात. कमी पडले तर महापालिका दंड भरणार. मग शहराने कचरा कमी करायचा तरी कशाला? चीनने गेल्या दोन दशकांत जगात सर्वाधिक भट्ट्या बांधल्या आणि आता त्यांतल्या बऱ्याच भट्ट्यांना कचरा कमी पडतो आहे, तिथे जुने ढीग उकरून जाळायची वेळ आली आहे. आपल्याकडे त्या भट्टीचा सर्वांत चांगला जळाऊ माल म्हणजे कागद, पुठ्ठा आणि प्लॅस्टिक, आणि त्यावरच कचरावेचकांचं पोट आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २००८ पासून घरोघरचा कचरा गोळा करत हाच माल पुनर्वापराकडे वळवला. त्यासाठी ना वाफेचं टर्बाइन लागतं, ना राखेची विल्हेवाट. २०१६ च्या नियमांनीही किलोमागे १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्णता असलेला, पण पुनर्वापर न होणारा कचराच ऊर्जेसाठी वापरायला सांगितलं होतं. त्यातला ‘पुनर्वापर न होणारा’ हा भाग निविदांमध्ये फार बारीक अक्षरांत छापला जातो.

माझा निष्कर्ष सरळ आहे. कचराभूमीच्या वायूवर नव्याने विजेचे मनोरे रचू नयेत. जुने ढीग झाकावेत किंवा उपसावेत, मधल्या काळात पाइपात येईल तो वायू जाळावा, वीज झाली तर ठीक. ओल्या कचऱ्याचा वायू करून तो वाहनांत किंवा स्वयंपाकघरात द्यावा, वीज हा त्याचा शेवटचा उपयोग ठरवावा. भट्टी एखाद्या मोठ्या शहराला एखादी हवी, पण कचरावेचकांच्या चाळणीतून उरलेल्या मालापुरती, आणि तिच्या धुराचे आकडे रोज लोकांसमोर ठेवून. छोट्या नगरपालिकांनी तिच्या नादी लागूच नये.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या महापालिकेचा असा प्रकल्प असेल तर त्याचा पाटीवरचा मेगावॅट विसरा. गेल्या वर्षात प्रत्यक्ष किती टन कचरा आत गेला, किती युनिट वीज किंवा किती किलो वायू बाहेर पडला, किती दिवस यंत्र बंद होतं आणि टनामागे महापालिकेने किती रुपये मोजले, एवढे चार आकडे माहितीच्या अधिकाराखाली मागा. ते मिळाले की आपल्या प्रभागाच्या सभेत वाचून दाखवा.